बायपासनंतर वजन उतरलं म्हणजे बरंच झालं? नाही भाऊ

आपल्या नागपूरच्या ग्रुपवर मेसेज फिरून राहिला की हार्टच्या बायपास ऑपरेशननंतर जेवण अर्धं करा, वजन जितकं उतरेल तितकं हार्टला चांगलं. हे चुकीचं आहे. ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यांत जे वजन जाते ना त्यात फक्त चरबीच नाही, मांसपेशीही जातात, अन् त्याच गेल्या तर चालायची ताकद कुठून येईल, जखम कशी भरेल? म्हणून वरण, दही, अंडी, मासे पोटात जाऊ द्या, फक्त किडनीचा त्रास असेल तर प्रोटीन किती ते डॉक्टरांनाच विचारा. तर्री, म्हणजे तेलकट तिखट रस्सा, मात्र टाळा. ऑपरेशनात कापलेलं छातीचं हाड जुळायला साधारण 6 ते 12 आठवडे लागतात, तोवर जड उचलू नका, अंबाझरी तलावावर हळूहळू चाला. अन् 2-3 दिवसांत वजन एकदम 2 किलो वाढलं, पाय सुजले, तर ते अंगात साचलेलं पाणी असू शकते, लगेच डॉक्टरांना फोन करा.