उल्मचा मनोरा आणि ‘जसंच्या तसं’

गेल्या आठवड्यात वर्गमैत्रिणींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एका जुन्या देवळाच्या शिखरावरून वाद पेटला. शिखराचे दगड निखळताहेत. विश्वस्तांना ते उतरवून, नवे घडवून बसवायचे आहेत. अर्ध्या गटाला ही जीर्णोद्धाराच्या नावाखाली चाललेली मोडतोड वाटते. मी दोन दिवस नुसती वाचत होते. मग एकीने एक फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘तुमच्याकडे बघ. सहाशे वर्षं जसंच्या तसं उभं आहे. एका दगडाला कुणी हात लावत नाही.’

फोटो जर्मनीतल्या उल्म गावच्या म्युन्स्टरचा, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चचा होता. एकोणीस वर्षं मी त्याच मनोऱ्याच्या सावलीतल्या गावात राहते, म्हणून मला राहवलं नाही.

त्या फोटोत सगळ्यांत आधी नजरेत भरतो तो जाळीदार सुळका, आणि तो सहाशे वर्षांपूर्वीचा नाहीच. पाया १३७७ साली घातला हे खरं. पण चौकोनी मनोऱ्यावरचा आठकोनी भाग आणि त्याच्यावरचा सुळका १८८५ ते १८९० या काळात, आउगुस्ट बायर या स्थपतीच्या हाताखाली उभा राहिला. म्हणजे माझ्या मैत्रिणीने ज्याला मध्ययुग म्हणून सलाम केला, ते आगगाड्यांच्या काळातलं बांधकाम आहे. १५४३ साली काम थांबलं होतं. मधली तीन शतकं या गावाने आखूड, अर्धवट मनोऱ्याखाली जन्ममरणं केली. सुळका होता तो फक्त पंधराव्या शतकातला इथला स्थपती मात्थेउस बोब्लिंगर याने काढून ठेवलेल्या आराखड्यात. बायरने तो आराखडा समोर ठेवला आणि उंची मात्र त्याहून वाढवली, १६१.५३ मीटर. ‘जसंच्या तसं’ म्हणायचं तर कशाच्या जसं? कागदाच्यासुद्धा नाही.

आणि त्या बोब्लिंगरचं काय झालं? त्याच्या देखरेखीखाली मनोरा चढत होता आणि त्या भाराने खालचं बांधकाम हलायला लागलं. १४९० नंतरच्या त्या वर्षांत प्रवचन चालू असताना छतातून दगड कोसळले. त्याला गाव सोडावं लागलं. मग आउग्सबुर्गहून बुर्कहार्ड एंगेलबर्ग या स्थपतीला बोलावलं. त्याने मनोऱ्याला खालून बळकटी दिली आणि बाजूच्या रुंद दालनांच्या मधोमध सडपातळ खांबांच्या रांगा उभ्या करून एकाची दोन दालनं केली. आज पाहुणे आले की मी त्यांना आवर्जून त्या खांबांपाशी नेते, कारण संध्याकाळच्या उजेडात आख्ख्या इमारतीत तेच सर्वांत देखणे दिसतात. ते मुळात नव्हते. ती दुरुस्ती आहे, घाबरलेल्या गावाने केलेली.

हे सगळं मी गटावर लिहिलं. जरा तिखटपणे लिहिलं, हे कबूल करते. पण मला राग कशाचा येतो ते सांगायला हवं. ‘युरोपात जपतात’ या वाक्यात जपणं म्हणजे हात न लावणं, असं धरलेलं असतं. इथे मी जे पाहिलं ते नेमकं उलट आहे. कामावर जाताना माझा रस्ता बाउह्युट्टेवरून, म्हणजे म्युन्स्टरच्या दगडकामाच्या कार्यशाळेवरून जातो. तिथले पाथरवट वर्षाचे बारा महिने दगड घडवत असतात. झिजलेला दगड खाली येतो, त्याचं माप घेतात, छिन्नीने दुसरा घडवतात, तो वर जातो. म्युन्स्टरच्या कुठल्या ना कुठल्या अंगाला परांची नाही असं मला या एकोणीस वर्षांत आठवत नाही. पर्यटक कुरकुरतात, फोटोत परांची येते म्हणून. जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्स, नॉर्वे आणि स्वित्झर्लंड यांच्या अशा अठरा कार्यशाळांची युनेस्कोने २०२० साली नोंद घेतली, तीही जतनाचा चांगला नमुना म्हणून. मान इमारतीला नव्हता, दगड बदलण्याच्या विद्येला होता.

‘अगं, पण एखादा तरी मनोरा मूळचा असेल ना?’ असं एकीने विचारलं. आहे. जर्मनीतल्याच फ्रायबुर्गच्या चर्चचा. ११६ मीटर, १३३० च्या सुमारास पुरा झालेला, आणि असा आरपार जाळीचा दगडी सुळका त्याआधी कुणी बांधला नव्हता. आठ बाजूंच्या आठ दगडी कण्या वर एका टोकाला मिळतात, मधे सगळी नक्षी, वारा आरपार जातो. एवढी नाजूक चीज उभी राहते कारण कण्या बाहेर फाकू नयेत म्हणून दगडांच्या आत लोखंडाची कडी शिशाने बसवलेली आहेत. २७ नोव्हेंबर १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात भोवतालचं गाव जमीनदोस्त झालं आणि तो सुळका उभा राहिला. पण तोसुद्धा आपोआप टिकलेला नाही. २००५ साली कोपऱ्यांच्या दगडांना तडे दिसले आणि २००६ पासून २०१८ पर्यंत, तब्बल बारा वर्षं, सुळका परांचीच्या वेढ्यात होता. आपल्याकडे बारा वर्षं परांची राहिली असती तर काय काय बोललो असतो आपण!

मग साहजिकच पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचा विषय निघाला. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत जो सुळका कोसळताना साऱ्या जगाने पाहिला, तो व्हियोले-ल-द्युक या फ्रेंच स्थपतीचा, १८५९ साली पुरा झालेला. मूळचा मध्ययुगीन सुळका अठराव्या शतकाच्या अखेरीस उतरवून टाकला होता. २०१९ नंतर फ्रान्समध्ये जो वाद झाला तो आमच्या गटावरच्या वादाहून फार वेगळा नव्हता. काचेचा बांधा, आजच्या काळाचा बांधा, नाहीतर होता तसाच बांधा. २०२० च्या जुलैमध्ये होता तसाच बांधायचं ठरलं. पण तसाच म्हणजे १८५९ चा. ओकचं लाकूड, त्यावर शिसं. व्हेनिसचा घंटामनोरा १९०२ साली एका सकाळी ढासळला, तेव्हा ‘होता तसा, होता तिथे’ एवढंच ठरवून गावाने तो १९१२ पर्यंत पुन्हा उभा केला. त्याला आज कुणी नकली म्हणत नाही.

माझं म्हणणं एवढंच होतं की शिखर उतरवलं म्हणून ओरडू नका. दगड कोण घडवणार आहे ते विचारा. त्याचं माप कोण लिहून ठेवतंय, जुन्या दगडावर टाकीचे घाव कसे आहेत, नवा दगड कुठल्या खाणीतला, हे विचारा. सिमेंट ओतणार असतील तर मीही तुमच्याबरोबर ओरडेन. उल्मचं हे म्युन्स्टर काही राजाने किंवा बिशपने बांधायला घेतलेलं नाही, इथे बिशप कधी नव्हताच. गावातल्या व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी आपल्या खिशातून ते उभारायला घेतलं. म्हणून ‘सरकार काय करतंय’ हा प्रश्न मला फार उशिराचा वाटतो.

यावर एक उत्तर आलं. ‘तिकडे बसून सांगणं सोपं आहे. तू त्या शिखरासाठी काय केलंस?’

काही नाही. खरं उत्तर हेच आहे. विश्वस्तांची वर्गणीची विनंती मार्चमध्ये माझ्या फोनवर आली होती आणि मी ती नंतर बघू म्हणून ठेवून दिली. म्युन्स्टरच्या पेटीत मात्र मी दर डिसेंबरात नोट टाकते. मी त्या चर्चची सभासद नाही. इथल्या पहिल्या रहिवासी नोंदणीच्या वेळी धर्माच्या रकान्यात रेघ मारली, म्हणून किर्खेनश्टॉयर, म्हणजे सभासदांच्या पगारातून कापला जाणारा चर्चचा कर, माझा कधी कापला गेला नाही, मला कुणी मागतही नाही. तरी टाकते. का, हे मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मी गटावर लिहिली नाही. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर बार्सिलोनाच्या सग्रादा फामिलिया या चर्चच्या मधल्या मनोऱ्यावर क्रुसाचा पहिला भाग चढला आणि जगातलं सर्वांत उंच चर्च हा उल्मचा मान गेला. १८९० पासूनचा. ऑफिसात कुणाला फारसं काही वाटलं नाही. मला वाटलं. संध्याकाळी मी उगाचच चौकात जाऊन मान वर करून उभी राहिले. घरी नवऱ्याला म्हटलं, ‘आपला दुसरा झाला.’ जर्मनमध्ये ‘उन्झर’ म्हणून सुटता येतं, त्यात आमचा आणि आपला दोन्ही मावतात. मराठीत निवडावं लागतं, आणि माझ्या तोंडून ‘आमचा’ आला नव्हता.

काल रात्री शेवटी मी त्या मैत्रिणीला वेगळा संदेश पाठवला. विश्वस्तांचा खाते क्रमांक मागितला आणि लिहिलं, ‘आपल्याकडे या कामाला किती तरी वेळ लागतो, धीर धरायला हवा.’

तिने खाते क्रमांक पाठवला. त्याखाली तिचा प्रश्न होता, ‘आपल्याकडे म्हणजे कुठे?’

अजून उत्तर दिलेलं नाही.