लेझरने स्पिन तरंग अडवले, पण ते तापवूनच

‘प्रकाशाने चुंबकातल्या लहरी काबूत! आता संगणक तापणार नाही, प्रकाशाच्या वेगाने चालेल, सिलिकॉन इतिहासजमा होईल.’ असा मजकूर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. चुंबकातले अणू म्हणजे जणू इवले चुंबक; त्यांचं चुंबकत्व, म्हणजे ‘स्पिन’, डोललं की ते डोलणं शेजाऱ्याकडे सरकत जातं, तो स्पिन तरंग. प्रकाशाने अशा तरंगांना वळण लावता येतं, हे खरं. पुढचं बहुतेक हवेतलं.

आधी ‘तापणार नाही’ घेऊ, कारण खरी गंमत तिथेच आहे. जर्मनीत कायझर्सलाउटर्नच्या संशोधकांच्या गटाने २०१५ साली यिट्रियम आयर्न गार्नेट या चुंबकीय पदार्थाच्या, म्हणजे ‘यिग’च्या, पातळ फिल्मवर लेझरने पट्ट्यांची नक्षी पाडली. फिल्मवर प्रकाश शोषणारा काळा थर होता. पट्टा पडला तिथे यिग तापलं आणि तापलं म्हणून तिथलं चुंबकन घटलं. स्पिन तरंग अशा प्रत्येक पट्ट्यावर थोडाथोडा मागे परततो. परतलेले तरंग एकमेकांत मिळतात आणि ठरावीक वारंवारतेला पलीकडे जाताच येत नाही. पट्ट्यांमधलं अंतर बदला, अडणारी वारंवारता बदलते. एरवी यासाठी फिल्मवर चर कोरावे लागतात, आणि कोरलेला चर पुसता येत नाही. इथे तो पुसता येतो, तो उष्णतेच्याच जोरावर. उष्णता काढून घेतली तर प्रयोगच उरत नाही!

तथ्याचा अंश एवढाच: स्पिन डोलतात, इलेक्ट्रॉन वाहत नाहीत. यिग विद्युतरोधक आहे, त्यामुळे तारेत प्रवाहाने होते तशी उष्णता त्यात होत नाही. पण तरंग उठवायला मायक्रोवेव्ह अँटेना लागतो आणि नक्षी टिकवायला लेझर चालूच ठेवावा लागतो. ती वीज हिशेबात कोण धरणार?

वेगाचं तर विचारूच नका. यिगमध्ये हे तरंग सेकंदाला साधारण काही किलोमीटर ते काही डझन किलोमीटर जातात, प्रकाश तीन लाख. शिवाय नवी नक्षी हवी तर जुना पट्टा निवेपर्यंत थांबा.

‘प्रकाशातलं चुंबकीय क्षेत्रच स्पिनना ढकलतं’ असंही त्या फिरत्या मजकुरात ठोकून दिलंय. तापवण्याशिवायचा मार्ग आहे, नाही असं नाही. नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या संशोधकांनी २००५ साली डिस्प्रोशियम ऑर्थोफेराइट या चुंबकीय स्फटिकावर वर्तुळाकार ध्रुवित लेझरचे, म्हणजे ज्याचं विद्युत क्षेत्र डावीकडे किंवा उजवीकडे फिरत जातं अशा प्रकाशाचे, फेम्टोसेकंदांचे (अत्यंत अल्पकाळ टिकणारे) स्पंद मारले. ध्रुवणाची दिशा उलटली की स्पिनचं डोलणंही उलट्या बाजूने सुरू होई. नुसत्या उष्णतेला डावं-उजवं कळत नाही, म्हणून हा पुरावा भक्कम. पण तिथेही काम करतं ते प्रकाशाचं विद्युत क्षेत्र, इलेक्ट्रॉनच्या कक्षेमार्फत.

राहिलं सिलिकॉन. साध्या भिंगाने लेझरचा ठिपका तरंगलांबीच्या निम्म्याहून फारसा बारीक होत नाही, म्हणजे शेकडो नॅनोमीटर. ट्रान्झिस्टरचे भाग त्याहून कितीतरी लहान असतात. या तंत्राची खरी जागा मला मायक्रोवेव्ह फिल्टरमध्ये दिसते. चुंबकीय क्षेत्र बदलून जुळवायचे यिग फिल्टर स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरमध्ये, म्हणजे सिग्नलमध्ये कोणत्या वारंवारता किती आहेत ते दाखवणाऱ्या यंत्रात, कित्येक दशकं वापरात आहेत. प्रकाशाने काढलेल्या नक्षीत कोणती वारंवारता अडवायची आणि किती रुंद पट्टा अडवायचा, हे दोन्ही ठरवता येईल.