महाराष्ट्राच्या फुटबॉल संघाला म्हणे इतिहासच नाही!

गेले काही महिने व्हॉट्सॲपवर आणि फेसबुकवर एक मजकूर फिरतोय. संतोष ट्रॉफीचा मोसम आला की त्याला नव्याने पाय फुटतात. त्याचा सारांश असा: फुटबॉल बंगाल, केरळ आणि गोव्याचा खेळ, महाराष्ट्राचा त्याच्याशी संबंध नाही. आपल्या राज्य संघाच्या नावावर सांगण्यासारखं काही नाही. जी जुनी विजेतेपदं सांगितली जातात ती ‘बॉम्बे’ची, महाराष्ट्राची नव्हेत. त्या संघात गोवेकर आणि परप्रांतीय कंपनी नोकरदारच होते. मुंबईबाहेर हा खेळ कुणाला ठाऊक नाही, आणि जो काही होता तो क्रिकेटने गिळला. संतोष ट्रॉफीलाही आता पूर्वीचं वजन नाही. शेवटी सल्ला: मुलांना फुटबॉलच्या मैदानावर पाठवून त्यांची वर्षं वाया घालवू नका.

हा सल्ला वाचला आणि लिहायला बसलो. चुकीच्या माहितीवर कुणी आपल्या पोराचे बूट माळ्यावर टाकणार असेल तर ते मला सहन होत नाही.

आधी ‘सांगण्यासारखं काही नाही’ हे बघू. संतोष ट्रॉफी ही राज्यांच्या, आणि रेल्वे-सेनादलांसारख्या संस्थांच्या, प्रातिनिधिक संघांची राष्ट्रीय स्पर्धा. ती 1941 साली सुरू झाली. आपल्या संघाने ती चार वेळा जिंकली आहे: 1954-55, 1963-64, 1990-91 आणि 1999-2000. बंगालच्या नावावर तिसाहून जास्त विजेतेपदं आहेत, त्यांच्याशी बरोबरी करण्याचा प्रश्नच नाही, आणि ती कुणी करतही नाही. पण मजकुरात बंगालच्या जोडीला केरळ आणि गोवा बसवलेत, म्हणून तारखा बघा. केरळने पहिल्यांदा ही ट्रॉफी उचलली 1973-74 साली. गोव्याला पहिलं विजेतेपद 1982-83 साली मिळालं, तेही बंगालसोबत वाटून. तोवर आपल्या संघाच्या खात्यात दोन विजेतेपदं जमा झाली होती.

हरलेल्या अंतिम सामन्यांचं काय? 1945, 1947 आणि 1951 या तिन्ही वेळा आपण अंतिम फेरीत बंगालकडून हरलो. 1947 साली पहिला सामना गोलशून्य सुटला आणि फेरसामन्यात एका गोलाने गेलो. 1951 सालीही फरक एकाच गोलाचा, आणि सामना खुद्द मुंबईत. त्यानंतर 1954-55 ते 1963-64 या दहा मोसमांत आपला संघ सहा वेळा अंतिम फेरीत पोचला. दोनदा जिंकला, दोनदा हैदराबादने अडवलं, एकदा बंगालने, एकदा रेल्वेने. हैदराबाद म्हणजे तेव्हा सय्यद अब्दुल रहीम यांच्या तालमीत घडलेला संघ, ज्यांनी पुढे भारताला 1962 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवून दिलं. अशा संघाशी लागोपाठ दोन वर्षं अंतिम सामना खेळणं ज्याला ‘काही नाही’ वाटतं, त्याने तो काळ अभ्यासलेला नाही.

आता नावाचा मुद्दा. मजकुरात हा सगळ्यात ठासून मांडलाय आणि तोच सगळ्यात कच्चा आहे.

1954 साली महाराष्ट्र राज्य अस्तित्वातच नव्हतं. होतं ते मुंबई राज्य. त्यात कोकण, पश्चिम महाराष्ट्र, खानदेश होतं, 1949 साली विलीन झालेलं कोल्हापूर होतं, गुजरातचा भाग होता आणि धारवाड-बेळगावही होतं. मराठवाडा निजामाच्या जुन्या राज्यात आणि विदर्भ मध्य प्रदेशात होता. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. या सगळ्या उलथापालथीत फुटबॉलची संघटना मात्र तीच राहिली: वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे आपली ‘विफा’, स्थापना 1911. तेव्हाचा मुंबईचा संघ तिचा, आजचा महाराष्ट्राचा संघही तिचाच. शिवाय 1963-64 चं विजेतेपद राज्य झाल्यानंतरचं आहे. मद्रासमध्ये आंध्रला 1-0 ने हरवून ते मिळवलं. म्हणजे मजकूर लिहिणाऱ्याचा निकष त्याच्याच उदाहरणाला लागू पडत नाही.

आणि हा निकष फक्त आपल्यालाच का? मार्च 2023 मध्ये रियाधला कर्नाटकने मेघालयाला 3-2 ने हरवून संतोष ट्रॉफी जिंकली, तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांनी छापलं की कर्नाटकने 54 वर्षांनी ट्रॉफी परत आणली. 54 वर्षांपूर्वी, 1968-69 साली, ती जिंकली होती ‘म्हैसूर’ने. राज्याचं नाव कर्नाटक झालं 1973 साली. बंगालची 1945 ची ट्रॉफीही फाळणीआधीच्या अखंड बंगालची, ज्यात ढाका होतं. तिच्यावर कुणी बोट ठेवत नाही. म्हैसूरचं ते कर्नाटकचं, अखंड बंगालचं ते पश्चिम बंगालचं, मग मुंबई राज्याचं ते महाराष्ट्राचं का नाही?

‘गोवेकर आणि परप्रांतीय’ या आरोपाबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण त्यात माहितीची चूक आहेच, वर कृतघ्नपणाही आहे.

गोवा 19 डिसेंबर 1961 पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. त्याआधी भारतातल्या स्पर्धेत गोव्याचा संघ असणं शक्यच नव्हतं. पोटापाण्यासाठी मुंबईत आलेला गोवेकर धोबीतलावच्या, माझगावच्या कुडांमध्ये राहायचा, गिरणीत, गोदीत, जहाजावर, तेल कंपनीत नोकरी करायचा आणि संध्याकाळी कूपरेजला किंवा क्रॉस मैदानावर खेळायचा. एकेका गावाची एकेक कूड, आणि एकाच खोलीत ट्रंका लावून राहणारी पंचवीस-तीस माणसं. या माणसांची कर्मभूमी मुंबई होती. ते मुंबईकडून खेळणार नाहीत तर कुणाकडून?

त्यांतलाच एक नेव्हिल डिसूझा. 1 डिसेंबर 1956, मेलबर्न ऑलिंपिक, समोर यजमान ऑस्ट्रेलिया. या मुंबईच्या फॉरवर्डने एकट्याने तीन गोल मारले, मध्यंतराआधीच दोन आणि मध्यंतरानंतर लगेच तिसरा. भारत 4-2 ने जिंकून उपांत्य फेरीत गेला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा हा पहिला आशियाई खेळाडू. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध भारताचा एकमेव गोलही त्याचाच. चार गोलांसह तो स्पर्धेच्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांमध्ये संयुक्तपणे पहिला होता. मुंबईत राहून, टाटांच्या संघातून खेळून तो तिथे पोचला. 1962 च्या जकार्ता सुवर्णविजेत्या संघातला फोर्तुनातो फ्रँको हाही गोव्यात जन्मलेला आणि मुंबईत टाटांकडून खेळलेला. ही माणसं आपली नव्हेत असं म्हणायचं असेल तर मग मुंबईत आपलं म्हणावं असं उरतं कोण?

बंगालचं उदाहरण तर याच मजकुराच्या विरोधात जातं. 1950 च्या आसपास कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबची जी आघाडीची फळी देशभर गाजली, ते पाच जण म्हणजे व्यंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह. एकही बंगाली नाही, सगळे दक्षिणेचे. कोलकात्याने त्यांना डोक्यावर घेतलं, त्यांचे फोटो घरात लावले. खेळाडू जिथे नोकरी करतो, जिथल्या क्लबकडून खेळतो, तिथल्या राज्याकडून उतरतो. हीच या स्पर्धेची रीत होती.

कंपनी नोकरदार म्हणून नाक मुरडण्यातही अर्थ नाही. त्या काळात फुटबॉलवर जगायचं तर नोकरीच हवी होती. टाटा, कॅल्टेक्स, बर्मा शेल, मफतलाल, पुढे ऑर्के मिल्स, महिंद्रा, एअर इंडिया, आरसीएफ यांनी पोरांना पगार दिला, सरावाला सुट्टी दिली. कॅल्टेक्सने 1958 साली रोव्हर्स कप जिंकला. 1891 पासून मुंबईत चालणारी ही स्पर्धा देशातल्या सर्वांत जुन्या स्पर्धांपैकी एक. अशा पगारी खेळाडूंमधूनच राज्याचा संघ निवडला जायचा.

केरळचा उल्लेख मजकुरात वारंवार येतो म्हणून 1990-91 ची गोष्ट सांगतो. केरळ त्याआधी लागोपाठ तीन अंतिम सामने हरला होता: पंजाबकडून, बंगालकडून, मग मडगावला गोव्याकडून. चौथा अंतिम सामना आला तो त्यांच्याच घरी, पालक्काडला. आख्खं राज्य ट्रॉफीची वाट बघत होतं. समोर महाराष्ट्र. आपण 1-0 ने जिंकलो. दोन वर्षांनी कोचीला केरळने 2-0 ने परतफेड केली. 1999-2000 साली पुन्हा केरळात, त्रिशूरला, पुन्हा केरळविरुद्धच, 3-2. म्हणजे आपली शेवटची दोन्ही विजेतेपदं केरळच्या मातीवर, केरळच्या प्रेक्षकांसमोर, केरळलाच हरवून आलेली आहेत. ‘फुटबॉल केरळचा, आपला संबंध नाही’ असं लिहिणाऱ्याच्या कानावर हे कधी गेलंच नसावं.

‘मुंबईबाहेर कुणाला ठाऊक नाही’ हे वाक्य कोल्हापुरात म्हणून बघा. तिथे फुटबॉल तालमींचा आहे. पाटाकडील तालीम (पीटीएम), खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. कुस्तीच्या आखाड्यांनी फुटबॉलचे संघ काढले आणि पेठांनी ते जिवापाड जपले. शाहू स्टेडियमवर पीटीएमचा सामना असला की मंगळवार पेठेत दुपारनंतर दुकानावर गिऱ्हाईक कमी आणि चर्चा जास्त. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. नागपूरला स्वतःची जुनी क्लब परंपरा आहे, आणि 2016 साली संतोष ट्रॉफीचा अंतिम सामनाही नागपुरातच झाला. तो सेनादलांकडून आपण 1-2 हरलो.

एक गोष्ट मान्य करतो: कित्येक वर्षं राज्य संघाची निवड मुंबईकडे झुकलेली होती. कोल्हापूर, नागपूर, पुण्याच्या पोरांना ही सल आजही आहे आणि ती रास्त आहे. पण त्याचा अर्थ तिथे फुटबॉल नव्हता असा होत नाही. उलट क्रिकेटमध्ये मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन वेगळे रणजी संघ आहेत. सगळ्या राज्याचा मिळून एकच संघ उतरतो तो फुटबॉलमध्ये. ‘महाराष्ट्राचा संघ’ ही ओळ जर्सीवर पूर्ण अर्थाने मिरवण्याचा हक्क त्याला आहे.

क्रिकेटने गिळला, हेही अर्धवट आहे. नेव्हिल डिसूझाच्या काळातही मुंबई क्रिकेटचीच राजधानी होती, 1958-59 पासून मुंबईने लागोपाठ पंधरा वेळा रणजी जिंकली. त्याच वर्षांत आपला फुटबॉल संघ अंतिम फेऱ्या खेळत होता. दोन्ही एकाच शहरात, शेजारशेजारच्या मैदानांवर चाललं होतं. फुटबॉलची खरी पडझड झाली ती नोकऱ्या आटल्यावर. गिरण्या बंद पडल्या, मफतलाल आणि ऑर्केचे संघ गेले. रोव्हर्स कप 2000-01 नंतर थांबला. 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेडसारखा संघ 2010 साली कंपनीने बंद केला. मैदानावरचा पोरगा विचारायचा, ‘खेळून नोकरी लागेल का?’, आणि त्याला हो म्हणणारं कुणी उरलं नाही.

संतोष ट्रॉफीला पूर्वीचं वजन राहिलं नाही, हे मात्र मजकुरात बरोबर लिहिलंय. 1996 साली राष्ट्रीय लीग आली, 2014 साली इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल आली, आणि देशातले पहिल्या फळीचे खेळाडू राज्याकडून उतरायचे थांबले. पण ते बंगालला, केरळला, गोव्याला, सगळ्यांनाच लागू आहे. त्यावरून 1954 ची किंवा 1963 ची किंमत ठरवता येत नाही. तेव्हा देशातला प्रत्येक मोठा खेळाडू याच स्पर्धेत उतरायचा.

राहिला मुलांना पाठवू नका हा सल्ला. 2014 साली सुरू झालेल्या मुंबई सिटीने 2020-21 आणि 2023-24 ची आयएसएल विजेतेपदं जिंकली आहेत. मुंबईत महिंद्रा आणि एअर इंडियाकडून खेळलेले खालिद जमील 2025 साली भारताचे प्रशिक्षक झाले. हा मजकूर कुणी पुढे पाठवला तर त्याला चार सालं सांगा: 1954, 1963, 1990, 1999.