फॉस्टर यांच्या व्यवस्थापनाविषयीही लिहायला हवे होते

कृष्णवर्णीय अमेरिकन बेसबॉलपटू रूब फॉस्टर यांच्या पिचर (फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू) म्हणून गाजलेल्या कारकिर्दीवरचा तुमचा लेख आवडला. मात्र त्यांच्या व्यवस्थापकपदाला त्यात दोनच ओळी मिळाव्यात, याची रुखरुख वाटते. १९११ मध्ये त्यांनी शिकागो अमेरिकन जायंट्स हा संघ उभारला. त्या संघाची ताकद उत्तुंग फटक्यांपेक्षा वेगात होती : फलंदाजाने चेंडू बॅटने हलकेच अडवून जवळच जमिनीवर सोडायचा आणि पहिल्या बेसवरील (धाव पूर्ण करताना गाठायच्या टप्प्यांपैकी पहिल्या टप्प्यावरील) खेळाडूने दुसऱ्यावर न थांबता थेट तिसरा बेस गाठायचा, ही चाल त्यांनी खेळाडूंकडून अक्षरशः घोटून घेतली होती आणि मैदानाबाहेर बसून ते आपल्या पाइपच्या साहाय्याने इशारे देत असत.

फेब्रुवारी १९२० मध्ये कॅन्सस सिटीत त्यांच्या पुढाकाराने निग्रो नॅशनल लीग ही कृष्णवर्णीय खेळाडूंच्या संघांची बेसबॉल लीग स्थापन झाली. लीगचे अध्यक्ष असलेले फॉस्टर स्वतःच एका संघाचे मालकही असल्याने पक्षपाताचे आरोप झाले, आणि ते अगदीच निराधार होते असे मला वाटत नाही. तरीही अडचणीतल्या संघांना पदरमोड करून सावरणारेही तेच होते. १९२६ मध्ये मानसिक आजाराने त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले आणि १९३० मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे ही लीग जेमतेम वर्षभर टिकली. बेसबॉलमधील दिग्गजांचा गौरव करणाऱ्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांची निवड होण्यास मात्र १९८१ साल उजाडावे लागले.