परदेशातून टॅक्स स्टेटमेंट आलं म्हणजे कर भरला गेला का?

छोट्या ऑनलाइन विक्रेत्यांमध्ये एक मेसेज सतत फिरत असतो. त्याचा गाभा असा: परदेशी मार्केटप्लेसकडून टॅक्स स्टेटमेंट आलं म्हणजे तुमचा कर तिकडे कापला गेला, त्यावर छापलेली रक्कम हेच तुमचं उत्पन्न, तिकडे कर गेला की आपल्या देशात काही दाखवायचं नसतं, स्टेटमेंट आलंच नाही तर प्रश्नच मिटला, आणि अमेरिकेचा डब्ल्यू-८बेन फॉर्म (आपण अमेरिकी नसल्याचं सांगणारा कागद) भरू नका, भरलात की अडकलात.

ही पाचही विधानं चुकीची आहेत. स्वतःच्या हातानं वस्तू बनवून विकणाऱ्या, एकट्यानं धंदा चालवणाऱ्या माणसाकडे बहुधा हिशेबनीस नसतो. तो असल्या मेसेजवर विसंबतो आणि फटकाही त्यालाच बसतो. म्हणून एकेक विधान घेऊन उत्तर देतो आहे.

‘स्टेटमेंट म्हणजे कर कापल्याची पावती.’

यातले बहुतेक कागद निव्वळ माहितीचे असतात. ‘या विक्रेत्याला आम्ही इतके पैसे दिले’ असं मार्केटप्लेस तिथल्या कर खात्याला कळवतं आणि त्याची प्रत तुम्हाला मिळते. कर कापला की नाही, हे एका ठरावीक रकान्यावरूनच कळतं. अमेरिकेच्या १०९९-के फॉर्मवर (विक्रेत्याला मिळालेल्या पैशांचं पत्रक) तो रकाना ४, आणि १०४२-एस फॉर्मवर ७ए. तिथे शून्य असेल किंवा जागा रिकामी असेल, तर कापलेलं काही नाही. दोन देशांतल्या करारामुळे (एकाच उत्पन्नावर दोनदा कर लागू नये म्हणून केलेल्या) कर शून्य झाला तरीही १०४२-एस येऊ शकतो, त्यामुळे नुसता कागद हाती पडण्याला काही अर्थ नाही.

हे दोन्ही फॉर्म वेगळ्या कामाचे आहेत. १०४२-एस परदेशी व्यक्तीला मिळतो, आणि तोही मुख्यतः रॉयल्टीसारख्या उत्पन्नावर: ई-बुक, छायाचित्रं, दुसऱ्याच्या वस्तूवर छापायला दिलेली डिझाइन्स. त्यात रकाना २ मध्ये एकूण रक्कम आणि ३बी मध्ये कराचा दर असतो. १०९९-के मात्र मुळात अमेरिकी विक्रेत्यांसाठी आहे. परदेशात राहून तो तुम्हाला आला असेल, तर पहिली शंका ही घ्या: मार्केटप्लेसकडे तुम्ही परदेशी असल्याचा कागद नाही, किंवा नोंदणी करताना चुकून अमेरिकी व्यक्तीचा डब्ल्यू-९ भरला गेला आहे.

गोंधळाचं आणखी एक मूळ इथेच आहे. ऑर्डरच्या तपशिलात ‘टॅक्स’ असा आकडा दिसतो आणि तो आपलाच कापला गेला असं वाटतं. तो बहुधा ग्राहकानं भरलेला विक्रीकर किंवा व्हॅट असतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या वेफेअर निकालानंतर तिथल्या राज्यांनी विक्रीकर गोळा करण्याची जबाबदारी मोठ्या प्रमाणात मार्केटप्लेसवर टाकली. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२१ पासून १३५ पौंडांपर्यंतच्या, आणि युरोपीय संघात १ जुलै २०२१ पासून १५० युरोंपर्यंतच्या आयात मालावरचा व्हॅट मार्केटप्लेसच घेऊन भरतं. हा पैसा तुमच्या नफ्यावरचा कर नाही. आपल्या देशात प्राप्तिकर भरताना त्याची वजावट मागितली, तर ती नाकारली जाईल.

‘त्यावरची रक्कम हेच तुमचं उत्पन्न.’

सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्यानं होतं. १०९९-के च्या रकाना १ए मध्ये ढोबळ रक्कम असते: ग्राहकांनी दिलेले सगळे पैसे. त्यातून मार्केटप्लेसचं कमिशन, पेमेंटचं शुल्क, परत केलेले पैसे, सवलत, टपालखर्च यांतलं काहीही वजा केलेलं नसतं. मार्केटप्लेसची वार्षिक विक्रीपत्रकंही बहुधा याच धाटणीची असतात.

समजा, पत्रकावर ५,००० डॉलर आहेत. त्यात ४०० डॉलर ग्राहकांना परत गेले, ६०० कमिशन आणि शुल्कात, ५०० टपालाच्या लेबलांवर. बँकेत आले ३,५००. यातून कच्चा माल आणि पॅकिंगचे १,३०० वजा केले तर नफा २,२०० राहतो. मेसेजवर विश्वास ठेवणारा माणूस ५,००० वर कर भरेल. उलट बाजूची चूकही तितकीच सर्रास होते: बँकेत जमा झालेले ३,५०० हीच विक्री धरायची आणि कमिशन खर्चात पुन्हा दाखवायचं. तेव्हा एकच खर्च दोनदा वजा होतो आणि पत्रकाशी मेळ न बसल्यामुळे चौकशीची नोटीस येऊ शकते. सरळ रीत अशी की हिशेब ढोबळ विक्रीपासून सुरू करायचा, परतावे आणि प्रत्येक कपात वेगळ्या ओळीत दाखवायची आणि शेवटी बँकेच्या आकड्यापर्यंत पोचायचं. त्यासाठी महिन्याची पेआउट विवरणं (तुम्हाला दिलेल्या पैशांचा तपशील) वेळच्या वेळी उतरवून ठेवा. खातं बंद पडलं की ती मिळवणं फार अवघड जातं.

वर्षही जुळत नाही. अमेरिकेची पत्रकं जानेवारी ते डिसेंबरची असतात. ब्रिटनचं करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं, ऑस्ट्रेलियाचं १ जुलैला. तुमचं वर्ष वेगळं असेल तर पत्रकावरची एकूण बेरीज जशीच्या तशी उचलू नका. १०९९-के वर ५ए ते ५एल या रकान्यांत बारा महिन्यांचे आकडे वेगवेगळे दिलेले असतात, ते वापरा.

‘तिकडे कर गेला, मग इथे काही दाखवायचं नाही.’

बहुतेक देश आपल्या रहिवाशाचं जगभरातलं उत्पन्न मोजतात. परदेशात खरोखर भरलेल्या कराची वजावट मिळते, पण ती मिळण्यासाठी आधी उत्पन्न दाखवावं लागतं. शिवाय सवलतीला मर्यादा असते. करारानुसार १५ टक्केच देय असताना तिकडे ३० टक्के कापले गेले, तर वरचे १५ टक्के आपला देश सहसा भरून देत नाही. ते अमेरिकेकडे १०४०-एनआर विवरणपत्र भरून परत मागावे लागतात.

‘स्टेटमेंट आलं नाही, म्हणजे कर नाही.’

ठरावीक रकमेच्या खाली मार्केटप्लेस पत्रक पाठवत नाही, पण ही अट त्याच्या कळवण्यासाठी असते, तुमच्या करासाठी नाही. १०९९-के ची मर्यादा २०,००० डॉलर आणि २०० व्यवहार होती. २०२१ च्या कायद्यानं ती ६०० डॉलरवर आणली, अंमल पुढे ढकलला जात राहिला आणि २०२५ च्या कायद्यानं जुनीच मर्यादा परत आली. या काळात विक्रेत्याचं करपात्र उत्पन्न एका डॉलरनंही बदललं नाही. ‘कुणाला कळत नाही’ ही आशाही आता फोल आहे. युरोपीय संघाच्या डीएसी७ नियमांनुसार तिथे राहणाऱ्या विक्रेत्यांची २०२३ पासूनची माहिती सदस्य देशांची कर खाती एकमेकांना देतात. ब्रिटन, कॅनडा आणि न्यूझीलंड यांनी २०२४ पासून तसेच नियम लागू केले.

‘डब्ल्यू-८बेन भरू नका.’

उलट तो न भरल्यानंच पैसे जातात. ‘मी अमेरिकी व्यक्ती नाही’ हे सांगणारा हा फॉर्म आहे. तो मार्केटप्लेसला द्यायचा असतो, अमेरिकेच्या कर खात्याला नाही. संस्था किंवा कंपनी असेल तर डब्ल्यू-८बेन-ई. हा कागद नसेल तर रॉयल्टीवर ३० टक्के कापले जाऊ शकतात, आणि काही देयकांवर २४ टक्क्यांची कपात लागू होऊ शकते. कराराचा कमी दर हवा असेल तर फॉर्मच्या दुसऱ्या भागात तो मागावा लागतो आणि आपला करदाता क्रमांकही द्यावा लागतो. तो भाग रिकामा सोडणारे पुष्कळ जण विनाकारण पूर्ण दरानं कर भरतात.

एकच बाब या फॉर्मनं सुटत नाही: अमेरिकेतल्या गोदामात माल ठेवून विकत असाल, तर तिथे कर लागतो का हा वेगळा प्रश्न आहे आणि तो जाणकार सल्लागारालाच विचारावा.

फॉर्म सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षअखेरीपर्यंत चालतो. २०२४ मध्ये कधीही सही केली असेल तर ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत. मधेच दुसऱ्या देशात राहायला गेलात, तर ३० दिवसांत मार्केटप्लेसला कळवून नवा फॉर्म द्या.