स्वातीच्या नावातला एच

काल रात्री साडेअकराला स्वातीचा व्हिडिओ कॉल आला. माझी धाकटी बहीण, तीन वर्षं झाली कॅनडात आहे. "ताई, रिपोर्ट आला. एम.कॉम. धरलं त्यांनी," एवढंच बोलली आणि रडायला लागली. इकडं आईच्या डोळ्यालाही पदर. सात महिने आम्ही या एका कागदाची वाट बघत होतो. या सात महिन्यांत जे कळलं ते बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या प्रत्येक मराठी घरात कळायला पाहिजे, म्हणून एवढं लांब लिहितेय. ज्यांची मुलं अजून शाळेत आहेत त्यांनी तर नक्की वाचा.

स्वातीचं बी.कॉम., एम.कॉम. दोन्ही बेळगावात झालं, दोन्हीला फर्स्ट क्लास. लग्न होऊन नवऱ्याबरोबर गेली. आता पीआरसाठी, म्हणजे तिकडं कायम राहायच्या परवानगीसाठी, अर्ज करायचा, तर त्यात बायकोच्या शिक्षणाचेही गुण धरतात. पण आपली पदवी तिकडं तशीच उचलून चालत नाही. ती तिकडच्या कुठल्या पदवीच्या बरोबरीची हे तिथल्या सरकारनं मान्य केलेल्या संस्थेकडून ठरवून घ्यावं लागतं. त्याला ईसीए (एज्युकेशनल क्रेडेन्शियल असेसमेंट) म्हणतात. आपली बरीच मुलं ते डब्ल्यूईएस (वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस) या संस्थेकडून करून घेतात, दुसऱ्याही संस्था आहेत. एकदा मिळालेला रिपोर्ट पाच वर्षं चालतो.

आई मला विचारायची, "सतरा वर्षं शाळा-कॉलेज केलं पोरीनं. ती शिकली का नाही हे त्या लोकांनी तिकडं बसून कसं ठरवायचं?" मला सुरुवातीला उत्तर देता यायचं नाही. नंतर समजलं की ते लोक तुमची परीक्षा घेतच नाहीत. विद्यापीठ मान्यतेचं आहे का, कोर्स किती वर्षांचा, मार्क खरंच विद्यापीठानं दिलेत का, आणि हे सगळे कागद एकाच माणसाचे आहेत का, एवढं बघतात. पहिल्या तिन्हीत आमची काहीच अडचण नव्हती. आम्ही अडकलो चौथ्यात.

स्वातीच्या पासपोर्टवर इंग्रजी स्पेलिंगमध्ये टीनंतर सरळ आय आहे. दहावीच्या मार्क्स कार्डावर टी आणि आयच्या मध्ये एक एच आहे. दहावीत जे नाव पडलं तेच पुढं पीयूसीला (अकरावी-बारावीला) गेलं, तेच पदवीवर आलं. शिवाय मार्क्स कार्डावर आधी नाव, मग बाबांचं एक अक्षर, मग पाटील. पदवीवर पाटील सगळ्यात आधी आणि बाबांचं नाव पूर्ण. पासपोर्टवर लग्नानंतरचं आडनाव. तिथल्या माणसाच्या टेबलावर तीन बायका झाल्या. त्याचं तरी काय चुकलं?

आता हा एच येतो कुठून, ते आपण सीमाभागातल्या लोकांनी नीट समजून घेतलं पाहिजे. आपण मराठी माणसं त आणि ट दोन्हीला टीच लिहितो. कन्नडमध्ये नाव इंग्रजीत लिहिताना टला टी आणि तला टीएच लिहायची पद्धत आहे. त्यामुळं गीता, ज्योती, श्वेता, प्रीती, रोहित, नितीन, मारुती, या सगळ्यांना कर्नाटकातल्या शाळेच्या रजिस्टरात एच चिकटू शकतो. लिहिणाऱ्या क्लार्कच्या मनात काही वाईट नसतं, त्याच्या हिशेबानं तेच बरोबर असतं. नावाचं अफिडेव्हिट (प्रतिज्ञापत्र) करायला कोर्टाजवळ गेले तेव्हा टायपिंग करणारे काका कन्नडच होते. मार्क्स कार्ड बघून म्हणाले, "अक्का, हा एच आमच्यात बरोबरच आहे. तुमच्या पासपोर्टमध्ये कमी पडलाय." आणि दोन्ही स्पेलिंगं एकाच व्यक्तीची आहेत हे वाक्य त्यांनी इतकं चोख बसवून दिलं की पुढं कुणी त्यावर शंका काढली नाही. नावाचा विषय निघाला की आपल्याकडं लगेच भाषेचं भांडण सुरू होतं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. माझं भांडण भाषेशी नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की माझ्या लेकराचं नाव कसं लिहायचं हे त्याच्या आईबापाला विचारलं पाहिजे, आणि आईबापानंही सही करण्याआधी ते वाचलं पाहिजे. आमच्या आईबाबांनी वाचलं नाही. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि मास्तरांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, असा त्यांचा भरवसा होता. तो फॉर्म मी तरी बघायला हवा होता. मी तेव्हा पीयूसीत होते, वाचता येत होतं.

गावाच्या नावाचंही तसंच. 1 नोव्हेंबर 2014 पासून इंग्रजीत बेळगावचं बेळगावी झालं. स्वातीच्या पासपोर्टवर जन्मगाव जुन्या स्पेलिंगनं, नंतरच्या कागदांवर नवीन. आपल्याला त्यात काही वाटत नाही. ज्यानं नकाशातसुद्धा हे गाव बघितलेलं नाही त्याला ही दोन गावं वाटली तर नवल नाही. अफिडेव्हिट करणारच असाल तर त्यात ही ओळही घालून घ्या.

आता पैशाचं. सुरुवातीला आम्ही शहरातल्या एका एजंटाकडं गेलो होतो. त्यानं पदवीला अपोस्टिल पाहिजेच म्हणून सांगितलं आणि त्याचे पैसे आधी घेतले. कागद बेंगळूरला, तिथून दिल्लीला, दीड महिना त्यातच गेला. नंतर स्वातीनं संस्थेची कागदांची यादी स्वतः उघडून वाचली तर त्यात अपोस्टिल मागितलेलंच नव्हतं! अपोस्टिल म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, भारतात 2005 पासून आहे. काही कामांना तो लागतो, नाही असं नाही. पण जर्मनी भारताचं अपोस्टिल मानत नाही आणि ईसीएला ते विचारत नाहीत. तेव्हा आधी यादी वाचा, मग खिशात हात घाला. ते पैसे बाबांनी भाताच्या पट्टीतून दिले होते, म्हणून अजून लागतं.

ईसीएला लागतं ते ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विद्यापीठानं दिलेला सगळ्या मार्कांचा उतारा, आणि ते विद्यापीठातून थेट जावं लागतं. ते काम होताना मी समोर उभी होते. खाकी लिफाफा, आत प्रत्येक सेमिस्टरचे मार्क आणि संस्थेचा फॉर्म. तिथल्या बाईंनी लिफाफा चिकटवला, शिक्का असा मारला की अर्धा झाकणावर आणि अर्धा लिफाफ्यावर, त्याच्यावरून सही केली, वरून पारदर्शक टेप. हा लिफाफा वाटेत कुणी उघडला तर सगळं वाया. मी आपली सवयीनं हात पुढं केला. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडं नाही देता येत, आम्हीच पाठवणार." मला त्या क्षणी एवढं बरं वाटलं! माझ्या बहिणीनं अभ्यास केलेला आहे हे आता तिचं विद्यापीठ स्वतः सांगणार होतं, आम्ही नाही.

एक लक्षात ठेवा. आपल्या भागातल्या कॉलेजांना राणी चन्नम्मा विद्यापीठ 2010 मध्ये आलं. त्याआधी पास झालेल्यांच्या पदव्या धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या आहेत, आणि निपाणी-खानापूरकडची कितीतरी मुलं कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात शिकली. पदवीवर ज्या विद्यापीठाचं नाव, ट्रान्सक्रिप्ट तिथलंच. बी.कॉम. एकीकडं आणि एम.कॉम. दुसरीकडं केलं असेल तर लिफाफे दोन.

निकाल काय आला? बी.कॉम.ला तीन वर्षांची बॅचलर पदवी म्हणून धरलं, एम.कॉम.ला मास्टर्स. नवऱ्याच्या अर्जात बायकोच्या बॅचलरला 8 गुण आणि मास्टर्सला 10. एकट्यानं अर्ज करणाऱ्याला 120 आणि 135. एवढ्या धावपळीनंतर 10 गुण, असं कुणी म्हणेल. स्वाती तीन वर्षं दुकानाच्या काउंटरवर उभी आहे. अकाउंट्सच्या नोकरीसाठी अर्ज करताना शिक्षणाच्या रकान्यात काय लिहायचं हा तिला दर वेळी प्रश्न पडायचा. आता पडणार नाही. मला त्या दहा गुणांपेक्षा हे मोठं वाटतं.

नर्सिंग आणि इंजिनिअरिंगवाल्यांनो, तुमची गोष्ट वेगळी आहे. ईसीए झालं म्हणजे नर्सचं लायसन्स मिळालं असं नाही, त्याला वेगळी कौन्सिल. जर्मनीला जाणाऱ्या आपल्या नर्स मुलींच्या शिक्षणाचा तर एकेक तास मोजतात, थिअरी किती, वॉर्डमध्ये किती. कमी पडले तर तिकडं कोर्स किंवा परीक्षा. सिलॅबसची प्रत आणि क्लिनिकलच्या तासांचा दाखला कॉलेज सोडतानाच घ्या. इंजिनिअरिंगला प्रवेश घेताना त्या शाखेला एनबीएची (नॅशनल बोर्ड ऑफ अॅक्रेडिटेशनची) मान्यता आहे का ते विचारा, एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्या मानायच्या वॉशिंग्टन करारात भारत 2014 पासून आहे आणि बाहेर त्यावरून फरक पडतो.

शाळांना माझी हात जोडून विनंती आहे. दहावीचा फॉर्म भरायच्या आधी प्रत्येक मुलाचं नाव इंग्रजीत कागदावर लिहून घरी पाठवा, आधार आणि जन्मदाखल्याशी जुळवून आणायला सांगा. दहावीचा निकाल लागल्यावर ते दुरुस्त करायचं म्हणजे हेडमास्तर, मग बोर्ड, मग पुढच्या सगळ्या मार्क्स कार्डांच्या मागं लागायचं.

अफिडेव्हिटचा मसुदा माझ्याकडं आहे, नावं बदलून वापरता येईल. ज्यांना पाहिजे त्यांनी मेसेंजरवर कळवा. रविवारी दुपारनंतर मी घरीच असते, कागद घेऊन आलात तरी चालेल, आपण बसून बघू.