प्रश्न तिला विचारा, भावाला नको

आज सकाळी पणजीत एका ऑफिसात मुलाखती होत्या. डेटा एंट्री आणि फोन, दोन्ही सांभाळायची जागा. फोंड्याहून एक अंध मुलगी आली होती, सोबत भाऊ. ती खुर्चीत नीट टेकलीही नव्हती, तोच समोरच्या सायबांनी भावाकडे बघून विचारलं, "हिचें शिक्षण कितलें जालां?"

ती समोरच बसलेली. बी.ए. झालेली. कान शाबूत, जीभ शाबूत. तरी प्रश्न भावाला!

मग टायपिंगची परीक्षा. तिच्या हातात छापील कागद दिला. अंध उमेदवाराला छापील कागद, आणि खोलीत कुणालाच काही वावगं वाटलं नाही. शेवटी भावानं वाचलं, तिनं टाइप केलं. पूर्ण पानात एक चूक. त्यावर सायब, पुन्हा भावाकडे बघून: "पूण हेर काम कशें करतली?" (पण बाकीचं काम कसं करणार?) आणि मग "कळयतां हां", म्हणजे कळवतो. या "कळयतां"चा अर्थ गोव्यात कुणाला समजावून सांगायला नको.

काम कसं करणार, ते सांगतो. सायब वाचणार नाहीत, पण तुमच्यातले निम्मे कुठे ना कुठे माणसं नेमता.

कॉम्प्युटरवर एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर घालायचं. फुकट आहे. दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ साली त्याचं काम सुरू केलं. पडद्यावरचा मजकूर ते बोलून दाखवतं, मराठीही बोलतं. आवाज डब्यातून आल्यासारखा आहे, पण सवयीचा माणूस तो इतक्या वेगात ऐकतो की शेजारच्याला एक शब्द कळत नाही. पेन ड्राइव्हवरूनही चालतं. अडतं कुठे, तर ऑफिसच्या आयटीवाल्यानं पेन ड्राइव्ह बंद करून ठेवलेला असतो आणि परवानगी द्यायला त्याला तीन आठवडे लागतात. तेव्हा माणूस रुजू व्हायच्या आधी ते घालून ठेवा. एक हेडफोन द्या. फोनही उचलायचे असतील तर एकाच कानाचा, म्हणजे दुसरा कान गिऱ्हाइकासाठी मोकळा.

टायपिंगची परीक्षाही घेता येते. सोपा मार्ग म्हणजे कुणीतरी एका चालीत उतारा वाचायचा. पडद्यावरचाच उतारा ऐकत टाइप करायचा असेल तर एक गोम आहे: मुळातल्या सेटिंगमध्ये कुठलीही कळ दाबली की एनव्हीडीए गप्प होतं. म्हणजे पहिलं अक्षर टाइप केलं की वाचन बंद. एनव्हीडीएच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये जाऊन, टाइप करताना बोलणं थांबवायच्या पर्यायापुढची खूण काढायची. शिवाय दाबलेलं प्रत्येक अक्षर ते बोलून दाखवत असेल तर इन्सर्ट धरून २ दाबायचं, शब्द बोलत असेल तर इन्सर्ट आणि ३. दोन मिनिटांचं काम. हे न करता परीक्षा घेतली की मुलगी "स्लो" ठरते.

आणि तुमच्या फायली! निम्मी मराठी पत्रं अजून जुन्या फॉन्टात, श्रीलिपी नाहीतर कृतिदेव. डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात. सॉफ्टवेअर ती इमानदारीत वाचतं आणि ऐकणाऱ्याच्या कानात नुसता कचरा पडतो. युनिकोडमध्ये लिहा, प्रश्न संपला. अर्ज स्कॅन करून पीडीएफ करता तो मजकूर नसतो, फोटो असतो. इन्सर्ट आणि आर दाबून त्यातली इंग्रजी अक्षरं ओळखता येतात, पण शिक्क्याखाली गेलेला मजकूर आणि हाताने लिहिलेले शेरे तिथे हटकून फसतात. एक्सेलमध्ये शोभेसाठी चार खाने एकत्र करता ना, त्यानं कुठला आकडा कुठल्या रकान्यातला हे कळेनासं होतं. वेबसाइटवर बटणांना नावं दिली नसली की कानात नुसतं "बटण, बटण, बटण". सबमिट कुठलं आणि कॅन्सल कुठलं, ते नशिबावर.

यातलं एकही काम डोळ्यांच्या डॉक्टरचं नाही.

बरं, मान्य, प्रत्येक काम प्रत्येकाला जमत नाही, आणि हाताने लिहिलेल्या जुन्या वह्यांचा ढीग कुणाला तरी वाचून द्यावा लागेल. पुढे?

भावाबद्दल मात्र लिहायला हवं. बिचारा एक दिवसाची हजेरी बुडवून आला होता. बहिणीला एकटीनं येता येत नाही म्हणून आला असं वाटलं असेल, तर तिची काठी बघायला हवी होती. टोक झिजलेलं, म्हणजे रोजच्या वापरातली. ती काठी छातीच्या हाडापर्यंत उंच, खांद्यांहून जराशी जास्त रुंद फिरवायची, डावा पाय पुढे तेव्हा टोक उजवीकडे. जमिनीवरचं सगळं कळतं. कमरेच्या वरचं कळत नाही: अर्धं ओढलेलं शटर, एसीचा बाहेरचा डबा, फूटपाथवर वाकलेली फांदी. पावसात तर एका हातात छत्री, एका हातात काठी, आणि पत्र्यावरच्या आवाजात गाडीचा आवाज बुडालेला. त्यात अंधांना वाट कळावी म्हणून बसवलेल्या पिवळ्या खडबडीत फरशांवर स्कूटर लावलेली. उभ्या रेघा म्हणजे पुढे चला, गोल ठिपके म्हणजे थांबा, हे स्कूटरवाल्यांना कुणी शिकवलं असेल तर शपथ. भाऊ तिच्यासाठी आला नव्हता. तो आपल्या रस्त्यांसाठी आला होता.

आणि मुलाखतीच्या खोलीत न्यायची पद्धत! दंड धरून पुढे ढकलत नेलं तिला. आपलं कोपर पुढे करायचं, ती धरेल आणि अर्धं पाऊल मागून चालेल. पायरी आली की सांगायचं, चढायची की उतरायची तेही. बसताना तिचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवायचा, झालं. ऑफिसात दार पूर्ण उघडं ठेवा नाहीतर पूर्ण बंद, कपाळ फुटतं ते अर्धवट उघड्या दारानं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारी जागांमध्ये ४ टक्के आरक्षण आहे, त्यातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी. खासगीला टक्केवारी नाही, पण समान संधीचं धोरण जाहीर करणं त्यांनाही बंधनकारक आहे. सायबांच्या ऑफिसात ते कुठे टांगलंय का, एकदा विचारायला हवं. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अंधत्वामुळे कुणाला न्यायाधीशाच्या पदापासून दूर ठेवता येणार नाही. न्यायाधीश चालतो. पणजीतल्या तिसऱ्या मजल्यावर डेटा एंट्री चालत नाही.

२०२३ मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांचा महोत्सव झाला, चांगलाच झाला. जांभळे टी-शर्ट घालून किती जणांनी फोटो टाकले होते! ते सगळे उरलेल्या दिवसांत कुठल्या खुर्च्यांवर बसतात, हे आज कळलं.

असो. चिडून लिहिलं की चुका राहतात, सांभाळून घ्या. एक खरं, तिनं टाइप केलेल्या पानाइतक्या कमी चुका माझ्या नसतील.

ज्यांच्याकडे जागा असेल त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा. सॉफ्टवेअर घालून, सेटिंग लावून देतो, पैसे नकोत, चहा पुरे.

ता. क. : पोस्ट टाकून तास झाला. तिघांनी चौकशी केली, फार बरं वाटलं. तिघांनीही भावाचा नंबर मागितलाय.